प्यादें, पात्र आणि पायरी

गेल्या दिवाळींत बीडला शिकत असलेला माझा पुतण्या चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. फराळाचें ताट पुढें असूनहि त्याचें लक्ष हातांतल्या मोबाईलवर होतें. अर्धा तास झाला, तास झाला, तरी त्याचा खेळ कांहीं सुरू होईना. पडद्यावर नुसतीं चित्रें येत होतीं आणि जात होतीं: ढाल घेतलेला वीर, लांब झगा घातलेला मांत्रिक, पाठीवर भाता बांधलेला तिरंदाज, जखमा बऱ्या करणारा वैद्य. शेवटीं मीं विचारलें, “अरे, खेळणार तरी केव्हां?” तो मान वर न करतां म्हणाला, “काका, आधीं क्लास ठरवायचा आहे. एकदां घेतला कीं मग बदलतां येत नाहीं. आणि पहिल्या दहा लेव्हलींत स्किल चुकीचें वाढवलें, तर पुढें शेवटपर्यंत रडत बसावें लागतें.”

मला हसूं आलें. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावयाची हा प्रश्न त्याच उन्हाळ्यांत याच मुलापुढें आला होता. तेव्हां त्यानें पांच मिनिटेंहि विचार केला नव्हता; वडील मंडळींनीं सांगितलें तें त्यानें अर्जावर लिहून दिलें होतें. पडद्यावरच्या एका बाहुल्यासाठीं मात्र तो सकाळपासून झुरत होता. हसूं ओसरल्यावर मात्र मनांत आलें कीं यांत नवल कसलें? शाखेच्या बाबतींत त्याला कोणी विचारलेंच नव्हतें. बाहुल्याच्या बाबतींत निवड सर्वस्वी त्याची होती. आपण पुढें काय व्हावें हें कोणीं ठरवावयाचें, हा प्रश्न खेळाच्या पटावर फार पूर्वींपासून मांडला गेला आहे, आणि निरनिराळ्या काळांत त्याला निरनिराळीं उत्तरें मिळालीं आहेत. त्या उत्तरांचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

ज्यांच्या घरांत हे खेळ शिरलेले नाहींत अशा वाचकांसाठीं आधीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. निरनिराळ्या गांवीं व देशीं बसलेले हजारों लोक आंतरजालाच्या द्वारें एकाच कल्पित जगांत एकाच वेळीं उतरतात, हा या खेळांचा पाया. प्रत्येक खेळाडू आपलें एक पात्र निर्माण करतो. तें योद्धा होणार, मांत्रिक होणार कीं वैद्य होणार, हा त्याचा वर्ग. मुलें त्यास ‘क्लास’ म्हणतात. वर्गाला अनुसरून त्याच्या अंगीं जीं विशेष सामर्थ्यें येतात तीं त्याचीं कसबें. पात्र जसजशा कामगिऱ्या पार पाडतें तसतसे त्याच्या नांवावर अनुभवाचे गुण सांचतात, आणि ठराविक गुण सांचले कीं तें एक पायरी वर चढतें. पायरी चढल्यावर एखाददुसरा गुण हातीं पडतो, व तो कोणत्या कसबावर खर्चावयाचा हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. गुण मोजके आणि कसबें पुष्कळ. म्हणून एका कसबाची वाढ म्हणजे दुसऱ्याचा त्याग. माझ्या पुतण्याची सारी चिंता या एका हिशेबांत सामावलेली होती.

या हिशेबाचें मूळ शोधूं लागलें कीं आपण आपल्याच माजघरांतल्या बुद्धिबळाच्या पटापाशीं येऊन पोंचतों. चतुरंग हें नांवच सैन्याच्या चार अंगांवरून पडलें: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. पटावरील प्रत्येक मोहऱ्याचा वर्ग जन्मतः ठरलेला आणि त्याची चालहि ठरलेली. घोडा शंभर डाव खेळला तरी अडीच घरेंच चालणार, आणि उंट तिरपाच जाणार. पराक्रमानें त्यांच्या चालींत कांहीं भर पडत नाहीं. हा खेळ आपल्या प्रदेशांत किती जुना आहे, याचा एक भक्कम पुरावा ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा असून, राजानें करावयाच्या क्रीडांमध्यें त्यांत चतुरंगाचेंहि वर्णन आहे. आजच्या बीड जिल्ह्याचा प्रदेश त्या काळीं याच चालुक्यांच्या राज्यांत मोडत असे.

पटावर वर चढण्याचा अधिकार एकट्या प्याद्याला. परंतु वर चढून त्यानें काय व्हावें हें पूर्वीं तें स्वतः ठरवीत नसे, आणि त्याचा धनीहि ठरवीत नसे. देशी पद्धतींत प्यादें पलीकडच्या शेवटच्या ओळींत ज्या घरांत पोंचे त्या घराचें मोहरें होई: हत्तीच्या घरांत हत्ती, उंटाच्या घरांत उंट. पुष्कळ ठिकाणीं आणखी एक अट असे, कीं तसलें आपलें मोहरें आधीं मेलेलें पाहिजे. जागा रिकामी झाल्यावांचून बढती नाहीं. पेशवाईच्या अखेरच्या काळांत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं बुद्धिबळावर ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्याचें इंग्रजी भाषांतर मुंबईस १८१४ सालीं छापलें गेलें, आणि भाषांतराच्या नांवांतच तें युरोपीय खेळण्याच्या रीतीस जुळवून घेतल्याचें म्हटलें आहे. देशी आणि विलायती अशा दोन रीती त्या काळीं शेजारीं शेजारीं नांदत होत्या, हें त्यावरून कळतें. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादें कोणत्याहि घरांत पोंचो, त्याचा वजीर करावा, हत्ती करावा, उंट करावा कीं घोडा, ही खेळणाऱ्याची मर्जी. बहुतेक जण वजीरच करतात. पण क्वचित् असा प्रसंग येतो कीं वजीर केल्यास डाव बरोबरींत सुटतो आणि घोडा केल्यास जिंकतां येतो. हा नियमांतला फरक दिसावयास लहान आहे. परंतु त्यानें प्याद्याच्या भवितव्याचा अधिकार घराकडून काढून माणसाच्या हातीं दिला.

बुद्धिबळाच्या जोडीला आपल्याकडे दुसराहि एक पट होता. परंपरा ज्याचें जनकत्व ज्ञानदेवांकडे देते तो मोक्षपट. त्यांतल्या शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि अखेरच्या घरीं मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला, त्याच्या घरांवरचा परमार्थ हळूहळू पुसला गेला, आणि तीच सापशिडी आज आपलीं मुलें खेळतात. पायऱ्या चढत जाण्याची कल्पना मोक्षपटांत पूर्ण रूपानें आहे. पण तेथें सोंगटीच्या अंगीं स्वतःचें असें कांहींच नाहीं. दान पडेल तितकीं घरें पुढें जावयाचें, शिडी लागली तर चढावयाचें, साप लागला तर उतरावयाचें. बुद्धिबळांत कसब आहे पण पायरी नाहीं. मोक्षपटांत पायरी आहे पण कसब नाहीं. या दोन्ही गोष्टी एकाच पात्राच्या ठायीं येण्यास पुढें बराच काळ जावा लागला, आणि त्यासाठीं खेळाला युरोपांतल्या लष्करी शाळांचा फेरा घ्यावा लागला.

१७८० मध्यें जर्मनींतील ब्रुन्सविक येथील हेलविग नांवाच्या गणिताच्या शिक्षकानें बुद्धिबळाचा पट विस्तारून त्यांत शेंकडों घरें केलीं, त्यांवर डोंगर, नद्या आणि गांवें दाखविलीं, व तरुणांस खेळतां खेळतां युद्धशास्त्र कळावें अशी योजना केली. प्रशियांत फॉन राइस्विट्झ पितापुत्रांनीं ही कल्पना पुढें नेली. मुलानें १८२४ मध्यें सिद्ध केलेला युद्धाचा खेळ प्रशियाच्या सैन्यांत अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं वापरला जाऊं लागला. त्यांत चौकोनी घरें जाऊन नकाशा आला, लढाईचा निकाल फाशांनीं लागूं लागला, आणि दोन्ही पक्षांवर देखरेख करणारा एक पंच नेमला गेला. विसाव्या शतकांत हा लष्करी खेळ हौशी लोकांच्या हातीं गेला. अमेरिकेंतील मिनेसोटा येथें डेव्हिड वेस्ली यानें १९६९ मध्यें असा एक डाव मांडला कीं त्यांत कित्येक खेळाडूंना सैन्याऐवजीं एकेका माणसाची भूमिका देण्यांत आली. त्याच मंडळींतला डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचा गॅरी गायगॅक्स या दोघांनीं मिळून १९७४ मध्यें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. आज आंतरजालावर चालणाऱ्या या जातीच्या खेळांची वंशावळ या एका खेळापाशीं येऊन मिळते.

या खेळाला पट असा नव्हता. कांहीं कागद, पेन्सिली, फासे आणि एकत्र बसलेले चारपांच मित्र एवढेंच साहित्य. प्रथम तीन फासे टाकून पात्राचें बळ, बुद्धि, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाची छाप हे सहा गुण काढावयाचे. हा दैवाचा भाग झाला. मग त्या गुणांकडे पाहून वर्ग निवडावयाचा. हा माणसाचा भाग. आरंभीं वर्ग तीनच होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक, चोराचा चौथा वर्ग १९७५ मध्यें आला. अनुभवाचे गुण सांचवून पायरी चढण्याची रीत येथें प्रथम पक्की झाली. दैवानें काय दिलें आणि त्याचें आपण काय केलें, या दोहोंची सांगड घालणारा असा खेळ पूर्वीं क्वचितच झाला असेल.

परंतु त्यांतहि एक जुनी खुंटी तशीच राहिली होती. पात्र मनुष्य असेल तर त्याला वर चढण्यास आडकाठी नव्हती. तें खुजांच्या वंशांतलें असेल, तर त्याला केवळ योद्धाच होतां येई, आणि तेंहि सहाव्या पायरीपर्यंत. अर्धमानव म्हणून जो एक ठेंगणा वंश होता त्याची चढाई चौथ्या पायरीवरच संपे. त्यानें कितीहि पराक्रम केला तरी उपयोग नाहीं. जन्मानें आंखलेली रेघ ओलांडतां येत नसे. या मर्यादा पुढच्या आवृत्त्यांतून कधीं सैल झाल्या, कधीं निराळ्या झाल्या, पण सुटल्या नाहींत. २००० सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत त्या काढून टाकण्यांत आल्या, आणि कोणत्याहि वंशाच्या पात्राला कोणताहि वर्ग घेऊन कितीहि वर चढण्याची मोकळीक मिळाली. खुजे आणि ठेंगू हे कल्पनेंतले प्राणी. त्यांच्यावरचा अन्याय दूर व्हावयासहि सव्वीस वर्षें लागलीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दरम्यान हा खेळ कागदावरून संगणकावर गेला होता. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें १९७८ मध्यें अनेकांनीं एकाच वेळीं खेळावयाचा एक खेळ रचण्यास आरंभ केला, आणि रिचर्ड बार्टल या त्याच्या सहाध्यायानें तो पूर्णत्वास नेला. त्याचें नांव ‘मड’. त्यांत चित्रें नव्हतीं. सारें जग शब्दांत वर्णिलेलें असे. वर्गहि नव्हते. होत्या त्या पायऱ्या, नवशिक्यापासून जादूगारापर्यंत. बार्टलनें पुढें अनेकदां सांगितलें आहे कीं ते दोघेहि श्रमजीवी घरांतून आलेले होते, आणि इंग्लंडांतील उच्चनीच समाजरचनेचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. ज्या जगांत कोणाच्या बोलण्याच्या ढबीवरून किंवा बापाच्या नांवावरून त्याची किंमत होत नाहीं, जेथें जो करील तोच चढेल, असें जग त्यांना हवें होतें. बाहेर तें सांपडेना, म्हणून त्यांनीं तें संगणकांत उभारलें. माझ्या पुतण्याच्या मोबाईलवरची ‘लेव्हल’ ही अशा रीतीनें एका सामाजिक गाऱ्हाण्यांतून आलेली आहे.

यानंतरच्या खेळांत मतभेद उत्पन्न झाला, आणि तो तात्त्विक स्वरूपाचा आहे. १९९१ मध्यें कोपनहेगन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनीं रचलेल्या ‘डिकूमड’मध्यें वर्ग परत आले. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’नें उलट मार्ग धरिला. तेथें वर्गच नाहीं. लोहारकाम करीत राहिलें कीं लोहारकाम वाढतें, तलवार चालवीत राहिलें कीं हात बसतो; मात्र सर्व कसबांच्या गुणांची बेरीज सातशेंवर जातां कामा नये, आणि एका कसबाची मर्यादा शंभर. तेव्हां कोणीं सुतार व्हावें, कोणीं शिंपी, कोणीं कोळी, आणि कंटाळा आला तर जुनें कसब हळूहळू विसरून नवें शिकावें. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्यें आरंभीं चौदा वर्ग होते आणि ते वंशाशीं पुन्हा बांधलेले होते; राक्षसाच्या वंशांत जन्म घेतला तर मोजकेच दोनतीन वर्ग खुले असत. आणि २००० सालच्या ‘डायब्लो’च्या दुसऱ्या भागानें कसबांचा वृक्ष लोकप्रिय केला. खालची फांदी धरल्यावांचून वरची हातीं येत नाहीं, आणि एका फांदीवर खर्चलेला गुण परत मिळत नाहीं. ज्यानें आरंभीं अविचारानें गुण उधळले त्याचें पात्र पुढच्या कठीण प्रसंगीं निकामी ठरे, व शेंकडों तासांचा खेळ टाकून देऊन नव्यानें जन्म घेण्यावांचून त्याला गत्यंतर नसे.

या पश्चात्तापाला कांहीं उपाय असावा कीं नसावा, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांना फार दिवस सतावीत होता. २००४ मध्यें निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नें त्यावर एक तोड काढली. त्या खेळांत आरंभीं नऊ वर्ग आणि साठ पायऱ्या होत्या. दहाव्या पायरीपासून प्रत्येक पायरीला एक याप्रमाणें एकंदर एक्कावन्न गुण मिळत, आणि ते वर्गाच्या तीन शाखांत वांटावयाचे असत. वांटणी चुकली असें वाटल्यास गुरूकडे जाऊन, दक्षिणा भरून, शिकलेलें सारें विसरतां येई. पहिल्या वेळीं एक सुवर्णमुद्रा, पुढें पांच, मग दहा, अशी ती दक्षिणा पन्नासांपर्यंत चढे. चूक सुधारतां येते, पण फुकट येत नाहीं आणि वारंवार करूं लागल्यास महाग पडते, असा त्याचा मथितार्थ. ‘डायब्लो’च्या दुसऱ्या भागांतहि अखेर २०१० मध्यें गुण परत मिळविण्याची सोय झाली. शाळा, नोकरी आणि विवाह या बाबतींत एवढा व्यवहारी नियम आपल्याला आजवर करतां आलेला नाहीं.

आतां या वर्गांचा परस्परांशीं संबंध कसा असतो तें पाहूं. या खेळांत कोणताहि वर्ग स्वयंपूर्ण ठेवीत नाहींत. एकजण शत्रूचे घाव अंगावर झेलतो, दुसरा त्याच्या जखमा भरतो, तिसरा शत्रूवर मारा करतो. झेलणाऱ्याला मारतां येत नाहीं, आणि मारणाऱ्याला झेलतां येत नाहीं. वैद्य नसेल तर दोघेहि थोड्याच वेळांत आडवे होतात. ही रचना पाहून मराठी वाचकाला आपल्या बारा बलुत्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ लिहून ही व्यवस्था तिच्या गुणदोषांसह कायमची नोंदून ठेविली. सुताराशिवाय कुणब्याचा नांगर नाहीं, लोहाराशिवाय फाळ नाहीं, कुंभाराशिवाय मडकें नाहीं, आणि कुणब्याच्या खळ्याशिवाय या कोणाच्याहि घरीं चूल नाहीं. कसबांची वांटणी आणि परस्परावलंबन या दृष्टीनें दोन्हींत फार साम्य आहे.

साम्य येथेंच संपतें. गांवगाड्यांत सुताराच्या पोराला कोणीं विचारलें नव्हतें कीं तूं काय होणार? आणि कांहींच्या वाट्याला कसबाबरोबर अवहेलनाहि वंशपरंपरेनें येत असे. जातिसंस्थेंत कामें वांटलीं जात नसून माणसेंच वांटलीं जातात, हा डॉ. आंबेडकरांनीं १९३६ मध्यें मांडलेला मुद्दा येथें ध्यानांत घेतला पाहिजे. खेळांत वैद्याचें काम करणाऱ्याला कोणी हीन मानीत नाहीं. उलट त्याच्यावांचून अडतें म्हणून सारे त्याची मनधरणी करतात. गांवांतहि कुंभारावांचून अडत होतें. मनधरणी मात्र कोणी केली नाहीं. वर्ग स्वतः निवडलेला असला म्हणजे परस्परावलंबनाचें सहकार्य होतें, आणि तो लादलेला असला म्हणजे त्याचेंच वेठीमध्यें रूपांतर होतें. खेळांच्या इतिहासावरून मला जें शिकावयास मिळालें तें एवढेंच आहे.

पूर्वींच्या काळीं कोणालाच वर्ग बदलतां आला नाहीं असेंहि म्हणतां येणार नाहीं. आमच्या बीड जिल्ह्यांतच याचें एक ठळक उदाहरण आहे. अंबाजोगाईच्या शिलालेखांत खोलेश्वर नांवाच्या पुरुषाची हकीकत आली आहे. तो विदर्भांतला ब्राह्मण. परंतु देवगिरीच्या सिंघण यादवाच्या सेवेंत त्यानें शस्त्र धरिलें, सेनापतिपद मिळविलें, आणि राजासाठीं अनेक मोहिमा केल्या. त्याचा पुत्र राम हाहि सेनानी झाला व गुजराथच्या स्वारींत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईस देऊळ बांधविलें. तो लेख शके ११६२ चा, म्हणजे इ. स. १२४० चा आहे. पोथी सोडून तलवार घेणारा खोलेश्वर हा आजच्या मुलांच्या भाषेंत ‘क्लास’ बदललेला गृहस्थ होय. पण त्याला तें साधलें याचें कारण उघड आहे. तो ज्या पायरीवर जन्मला होता तेथून दुसऱ्या पायऱ्या हाताच्या अंतरावर होत्या. देवळाचा दगड घडविणाऱ्या पाथरवटाला तलवार घेऊन दरबारांत उभें राहण्याची वाट मोकळी नव्हती. शिलालेख कोरला पाथरवटानें, पण त्यावर नांव आलें सेनापतीचें.

खोलेश्वराला आठशें वर्षें होत आलीं. आज बीड जिल्ह्याचें नांव निघालें कीं लोकांना ऊसतोड कामगार आठवतात. दसरा झाला कीं गांवोगांवच्या टोळ्या बैलगाड्यांतून आणि ट्रकांतून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नसते. नवराबायकोच्या जोडीला तेथें एक ‘कोयता’ म्हणतात, आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. येथें माणसाला नांवच त्याच्या हत्याराचें मिळालें आहे. या कोयत्याला अनुभवाचे गुण मिळत नाहींत. वीस हंगाम ऊस तोडला तरी एकविसाव्या हंगामांत तोच कोयता, तीच पाचटाची कोपी आणि पुन्हा नवी उचल.

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशीं पुतण्याचें पात्र एकदांचें ठरलें. त्यानें तिरंदाज घेतला होता. तरीहि तो उदास दिसला, म्हणून मीं कारण विचारलें. तो म्हणाला, “आमचा वैद्य गेला, काका.” त्याच्याच वर्गांतला एक मुलगा त्यांच्या चौघांच्या चमूंत वैद्याचें काम करीत असे. मुलगा हुशार, कोणत्या पायरीला कोणतें कसब वाढवावें याचा सल्ला बाकीचे तिघे त्यालाच विचारीत. दसऱ्यानंतर तो आईबापांबरोबर कारखान्यावर गेला. घरांत फोन एकच, आणि तो वडिलांच्या कमरेला. “त्याचें पात्र चोवीस लेव्हलवर थांबलें आहे. आम्हीं नवा वैद्य घेतला नाहीं,” पुतण्या म्हणाला. मग थोडें थांबून त्यानें विचारलें, “चैत्रांत तो आला म्हणजे त्याला अकरावीची परीक्षा देऊं देतील का हो?” मला उत्तर देतां आलें नाहीं.

या खेळांचा मी कैवारी नाहीं. त्यांत मुलांचे तासचे तास जातात. डोळ्यांची आणि झोपेची नासाडी होते. खेळ चालविणाऱ्या कंपन्यांनीं पायऱ्यांची आंखणी अशी केलेली असते कीं पहिल्या पायऱ्या भराभर चढाव्या, गोडी लागावी, आणि मग पुढच्या पायऱ्या लांबत जाव्या, म्हणजे खेळणारा सुटूं नये. कांहीं ठिकाणीं तर पैसे मोजून पायरी विकत घेतां येते, आणि तेथें बार्टलच्या स्वप्नाचा पुरा बाजार झालेला दिसतो. वडीलधाऱ्यांनीं याविषयीं सावध राहावें हें योग्यच आहे. परंतु मुलगा मोबाईल सोडीत नाहीं म्हणून त्याच्यावर ओरडण्यापूर्वीं आपणच आपल्याला एक प्रश्न विचारावा. केलेल्या श्रमाची नोंद होते, ठराविक श्रमांनंतर पायरी खात्रीनें वर चढते, पुढें काय व्हावयाचें तें आपल्याला विचारलें जातें, आणि चुकल्यास थोडा दंड भरून मार्ग बदलतां येतो, असें दुसरें कोणतें ठिकाण आपण त्याला दाखविलें आहे?

प्यादें ज्या घरांत पोंचेल त्या घराचें व्हावें, हा नियम बुद्धिबळाच्या पटावरून उठला. खुजाच्या पोरानें सहाव्या पायरीवर थांबावें, हाहि नियम गेला. खेळ रचणाऱ्यांना आपले नियम चुकीचे वाटले तेव्हां त्यांनीं ते पुसून नवे लिहिले. पुतण्या बीडला परत गेला तेव्हां मीं त्याच्या वडिलांना एक पत्र लिहिलें. शाखेविषयीं मुलाला अजून एकदां नीट विचारावें, आणि त्याच्या त्या मित्राच्या परीक्षेबाबत शाळेंत जाऊन चौकशी करावी, एवढेंच त्यांत लिहिलें होतें. उत्तर आलें आहे. परीक्षेला बसूं देण्याविषयीं शाळेचें मन अनुकूल आहे. मुलगा चैत्रापूर्वीं परत येतो कीं नाहीं, हें आतां उसाच्या फडावर अवलंबून आहे.